घारीशी बोलायचं नाही

वैजयंता खिल्लारे बोलायला लागली की समोरच्याकडे फक्त मान हलवायचं काम उरायचं. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ती ताटल्या पुसून कागदात बांधायची. तिथं पॉलिशच्या मशिनींचा एवढा खडखडाट, की बाकीच्या बाया खुणांनी बोलायच्या. ही मात्र मशिनींच्या वर आवाज चढवून, हिंगोलीहून नवऱ्याबरोबर आली तेव्हापासूनचं सगळं सांगत बसायची. भाजीवाल्याशी हिंदीत, शेजारणीशी मराठीत आणि कोणीच नसलं तर शेगडीशी. नवरा कोंडिराम सिल्व्हर पार्कातल्या एका सोसायटीत वॉचमन होता. दिवसभर गेटवर गप्प बसायची त्याला सवय, त्यामुळे घरात ही बोलायची आणि तो ऐकायचा, असा संसार पंचवीसेक वर्षं बरा चालला होता. मुलगा बुद्धभूषण पुण्याला नोकरीला लागला आणि घरात ऐकणारा एकच उरला.

मग कारखाना वसईच्या पलीकडे हलला. रोज एवढ्या लांब जायचं तर पगार भाड्यातच जाणार, म्हणून वैजयंतानं काम सोडलं. काशीमिऱ्याच्या चाळीतल्या खोलीत ती दोन-तीन महिने बसून राहिली आणि कोंडिरामच्या कानाचं पार भुसकट झालं. घोडबंदर रस्त्यावर, चेण्याच्या बाजूला पक्ष्यांचं नवीन उद्यान झालंय, तिथं बाया हव्यात, हे त्यानंच कुठून तरी ऐकून आणलं.

"पक्ष्यांचं म्हंजे? विकायचे?" वैजयंतानं विचारलं.

"बघायचे. तिकीट काढून."

"कावळे-चिमण्या बघायला तिकीट?"

"जाऊन तर बघ," कोंडिराम म्हणाला.

ती गेली आणि स्वयंपाकघरात लागली. स्वयंपाकघर पक्ष्यांचं. सकाळी सकाळी पपई, सफरचंद, मक्याची कणसं आणि मोड आलेले हरभरे बारीक करायचे, डाळिंबं सोलायची, आणि स्टीलच्या वाट्यांतून पिंजऱ्यांकडे पाठवायचं. पहिल्या दिवशी तिनं डाळिंबाची टोपली बघितली आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली. त्यांच्या घरी डाळिंब यायचं ते कोणी आजारी पडल्यावर. इथं ते पोपटाच्या वाटीत, तेही दाणे सोडवून.

थोड्या दिवसांनी उद्यानाच्या डॉक्टरांनी तिला बाहेर पिंजऱ्यांवर घेतलं. डॉक्टर निशिगंधा तिशीतली मुलगी होती, मीरा रोडलाच राहायची, वैजयंताला मावशी म्हणायची.

"मावशी, ऐकलंय तुम्ही खूप बोलता?"

वैजयंता चपापली. "कोणी तक्रार केली का?"

"नाही हो. मला तसंच माणूस पाहिजे. या पक्ष्यांशी बोलायचं असतं. हे मोठे पोपट कळपानं राहणारे. यांना एकटं वाटलं की स्वतःचीच पिसं उपटून काढतात. तुम्ही रोज जायचं, खायला द्यायचं आणि गप्पा मारायच्या."

आयुष्यात पहिल्यांदाच बोलायचा पगार मिळणार होता. निळ्या-पिवळ्या मकाव पोपटाला तिनं चंपा नाव ठेवलं आणि त्याला घरचं, चाळीतलं, सगळं सांगायला लागली. चंपा मान वाकडी करून ऐकायचा, मध्येच तिच्या खांद्यावर येऊन अंबाडा उसकटायचा. तो नर आहे हे तिला नंतर कळलं, पण तोवर त्याला नावाची सवय झाली होती.

घोटाळा झाला तो पाटीपाशी. चंपाच्या पिंजऱ्यासमोरच मोठी पाटी होती, 'पक्ष्यांना घरात पिंजऱ्यात ठेवू नका'. वैजयंता सावकाश अक्षरं लावून वाचायची. तिनं पाटी वाचली, मग पिंजरा बघितला, मग पुन्हा पाटी वाचली. दुपारी तिनं डॉक्टरांना गाठलं.

"मॅडम, ते लोकांना सांगतंय का आपल्याला?"

निशिगंधा हसली, पण तिला बसवून तिनं नीट सांगितलं. हे पक्षी पिंजऱ्यातच जन्मले, यांचे आईबापही पिंजऱ्यातले. यांना इथं सोडलं तर आठवड्यात मरतील. आपला हिरवा पोपट मात्र इथला, त्याला घरात ठेवणं हा गुन्हा आहे. लोक इथं येतात, एवढ्या जवळून पक्षी बघतात, त्यांना माया वाटायला लागते. आणि तिकिटाच्या पैशातून मागचा दवाखाना चालतो.

"आणि तो राखाडी पोपट? आफ्रिकेचा?"

"त्याचे भाऊबंद जंगलातून पकडून पकडून कमी झालेत."

"म्हंजे जंगलात कमी झाले म्हणून पिंजऱ्यात जास्त, का पिंजऱ्यात जास्त झाले म्हणून जंगलात कमी?"

"दोन्ही थोडं थोडं," निशिगंधा म्हणाली.

वैजयंतानं मान हलवली, पण डोक्यात काही बसलं नाही. संध्याकाळी कोंडिरामला समजावून सांगायला गेली, तर अर्ध्यावरच तिची गाडी अडली. "गुन्हा कोणता न् पुण्य कोणतं, ते जातीवर हाय म्हणे," ती म्हणाली. "पक्ष्यांच्या."

"तिथंबी?" कोंडिराम म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला.

जानेवारीत संक्रांत आली आणि मागच्या दवाखान्यात माणसं कमी पडायला लागली. भाईंदर-मीरा रोडकडून मांज्यानं कापलेले पक्षी खोक्यांतून यायला लागले. घारी, बगळे, कबुतरं, एक घुबडसुद्धा. निशिगंधानं वैजयंताला मदतीला बोलावलं. उद्यानाच्या मागं हिरव्या कापडाची उंच भिंत होती, तिच्यापलीकडे बघायला येणाऱ्यांना सोडत नसत. दारातच निशिगंधानं तिच्या हातात करड्या रंगाचा एक झगा दिला आणि तोंडावर घ्यायला फडकं दिलं.

"इथं बोलायचं नाही, मावशी. एक अक्षर नाही. नावं ठेवायची नाहीत. डोळ्याला डोळा लावायचा नाही. खायला ठेवायचं आणि निघायचं."

"पण ते घाबरलेत बिचारे. जरा चुचकारलं तर..."

"घाबरू देत. हे परत जाणार आहेत. माणूस म्हणजे संकट, हेच त्यांना वाटत राहिलं पाहिजे. नाहीतर बाहेर जगणार नाहीत."

"मग आपण कोण त्यांचे?"

"कोणी नाही," निशिगंधा म्हणाली.

भिंतीच्या अलीकडे जितकी माया करशील तितकं चांगलं आणि पलीकडे माया केलीस तर घात केलास. मध्ये नुसतं एक कापड. वैजयंता दिवसातून किती तरी वेळा त्या कापडातून ये-जा करायची आणि दर वेळी दारात तिला क्षणभर थांबून आठवावं लागायचं, आता आपण कुठल्या बाजूला आहोत. एकदा ती चंपापुढं तोंडावर फडकं घेऊन गप्प उभी राहिली. चंपा इतका किंचाळला की तिकीटवाला धावत आला.

मार्च संपता संपता कोंडिराम एक दिवस घरी येऊन जेवणाआधीच बोलायला लागला. त्याचं हेच नवल, म्हणून वैजयंता गप्प झाली. सोसायटीनं पर्जन्यवृक्षाच्या फांद्या छाटल्या होत्या, त्याला महिना झाला. वरच्या फांदीवर घारीचं घरटं होतं, त्यातलं पिल्लू खाली पडलं. मांजर उचलणार तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेननी ते पदरात घेतलं आणि घरी नेलं. तेव्हापासून ते त्यांच्या गॅलरीतच होतं.

"आज त्यांनी मला वर बोलावून दाखवलं," कोंडिराम म्हणाला. "वाढलंय, पण पायांवर उभं राहत न्हाई. छातीवर सरकतंय."

"काय खायला घालतात?"

"दूध-पाव. पनीर. वरणभात."

"घारीला?"

"ते लोक मांस खात न्हाईत. घरात आणणार कसं?"

दुसऱ्या दिवशी वैजयंतानं हे डॉक्टरांना सांगितलं आणि निशिगंधानं कपाळावर हात मारून घेतला. त्याच दुपारी हंसाबेन आल्या. मुलगा जितेंद्रनं गाडीतून आणलं होतं. साठी उलटलेली गोरी, ठेंगणी बाई, हातात वेताची टोपली, टोपलीत मऊ दुलई आणि दुलईत ते पिल्लू. हंसाबेनना बघून त्यानं पंख फडफडवले आणि चोच वासून ओरडायला लागलं.

"लालो, लालो, बस, बस," हंसाबेन त्याला थोपटत म्हणाल्या. "वैजयंताबेन, ये मेरे बिना सोता नहीं है."

निशिगंधानं पिल्लाचे पाय चाचपले, हळूच पंख उघडून बघितले. मग तिनं जे सांगितलं ते सांगताना तिचा आवाज अगदी हलका होता. हाडं पिसासारखी मऊ पडली आहेत. घार शिकारी पक्षी आहे, तिला हाडांसकट मांस लागतं. पनीर घालून तिला मारायला निघाल्यासारखं झालंय. आणि दुसरं म्हणजे, ते आता माणसालाच आई समजतंय.

हंसाबेनना हे सगळं एकदम उतरेना. "मैंने तो बचाया," त्या म्हणाल्या. "बिल्ली ले जाती."

"हो, तुम्ही वाचवलंत. तेव्हाच आम्हाला फोन केला असता तर..."

"फोन किसको? मुझे क्या पता ऐसी जगह है?" मग त्यांनी वैजयंताकडे वळून विचारलं, "अब इसको क्या खिलाओगे?"

वैजयंताच्या मागच्या टेबलावर कोंबडीचे बारीक तुकडे वाटीत ठेवले होते. ती सरकून त्या वाटीच्या आड उभी राहिली. "जो डॉक्टर बोलेंगे वो," ती म्हणाली.

हंसाबेन रडत रडत गाडीत जाऊन बसल्या. त्यांची दुलई टोपलीतच राहिली. वैजयंताला त्यांची कीव आली, रागही आला, आणि कीव का राग हे ठरवण्याआधीच पिल्लू तिच्याकडे तोंड करून ओरडायला लागलं.

त्या रविवारी घरात मटण शिजत होतं. वैजयंता म्हणाली, "आवं, आपण 'पाणातिपाता वेरमणी' म्हणतो. जीव मारायचा न्हाई. हंसाबेननं तेच केलं की. मग तिच्याच हातनं कामून घात झाला?"

भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध शेजारी शेजारी होते, त्यांच्याकडे कोंडिरामनं एकदा बघितलं. "मला न्हाई माहीत," तो म्हणाला. "पण त्या पाखराला ती गाथा कोणी शिकवली न्हाई, एवढं खरं."

मांस, ऊन आणि औषध मिळाल्यावर पिल्लाची हाडं भरली. पावसाळा सरेस्तोवर त्याची पुरी घार झाली. नर का मादी ते नुसतं बघून डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. लांबट पिंजऱ्यात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत उडायला शिकली. पण वैजयंता झगा घालून, तोंडावर फडकं घेऊन, वाटी ठेवायला गेली की घार सरळ खाली येऊन तिच्या पायांशी बसायची आणि पिल्लासारखी गळा काढायची.

वैजयंता गप्प. पदराचं टोक दातात धरून गप्प. घार तिच्या बांगड्या ओळखते असं वाटून तिनं बांगड्या काढून ठेवल्या. मग चपला काढल्या, अनवाणी जायला लागली. तरी घार यायचीच. घरी आल्यावर दिवसभराचं तुंबलेलं बोलणं कोंडिरामवर असं कोसळायचं, की तो ताटावरून उठून दारात जाऊन बसायचा.

"मॅडम, मी कधी चुकून गुणगुणले असेन का?" तिनं एकदा विचारलं. "काम करताना मला कळत न्हाई."

"नाही, मावशी. जे व्हायचं ते पहिल्या महिन्यातच झालं होतं. पण आपण प्रयत्न करतोय. काही काही सुधारतात."

वैजयंताला ते पटलं आणि नाहीही पटलं. झोपताना ती आठवून बघायची, एखाद्या दिवशी आपण ओठांतल्या ओठांत पुटपुटत होतो का.

दसरा झाल्यावर वनखात्याची परवानगी आली आणि चेण्याच्या मागच्या डोंगरावर घार सोडायचं ठरलं. घारीच्या पायात ओळखीची कडी घालून वनरक्षक, निशिगंधा आणि वैजयंता गेली. खोक्याचं झाकण उघडल्यावर घार जरा वेळ तशीच बसली. मग तिनं एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि उडाली. आधी खाली खाली, झाडांच्या शेंड्यांवरून, मग वारा लागला तशी वर. वनरक्षकानं टाळ्या वाजवल्या. वैजयंताच्या डोळ्यांना धार लागली होती. आनंदानं असावी असं धरून तिनं डोळे पुसले.

दोन दिवसांनी उद्यानाच्या दाराशी एक माणूस फळांचं प्लास्टिकचं खोकं घेऊन आला. वर गोणपाट बांधलेलं. चेणे गावचा आत्माराम, घोडबंदर रस्त्याला त्याची चहा-वड्याची गाडी होती. गोणपाट सोडलं तेव्हा आत घार होती. एक पंख लोंबत होता.

"मना वाटला तुमचीच असंल," आत्माराम म्हणाला. "पायात कडी हाय."

"काय केलंस?" वैजयंता ओरडली. आत्ता ती भिंतीच्या अलीकडे होती, म्हणून आवाज काढता आला. "काय केलंस रे मुक्या जिवाला?"

"ताई, आधी ऐका. काल सकालपासून गाडीच्या आजूबाजूला हाय ती. गिऱ्हाईक वडा तोंडाला लावतंय तोच झपकन अंगावर येते. आमाला काय माहीत ती खायला मागते? घार अंगावर आली तर माणूस काय करंल? एका बाईच्या कडेवर पोर होता. त्याच्या तोंडावरच गेली. मी बांबू फिरवला. मुद्दाम मारला न्हाय, ताई. पडली न् माझ्याकडंच बघून ओरडाय लागली, म्हणून घेऊन आलो. दुसरी घार असती तर पलाली असती."

कडेवरचं पोर वैजयंताच्या डोळ्यांसमोर आलं. तिनं आत्मारामला पाणी दिलं. त्यानं ते घेतलं, पण जाईपर्यंत त्याची नजर खालीच होती.

पंखाचा सांधाच गेला होता. निशिगंधानं होण्यासारखं होतं ते सगळं केलं, पण घार आता पुन्हा उडणार नव्हती. ते सांगून ती दवाखान्याच्या पायरीवर बसली, तशी वैजयंताही शेजारी बसली.

"मॅडम, चूक कोणाची ते तरी सांगा. म्हंजे मी त्याच्यावर रागवेन."

"मलाही कळत नाही, मावशी."

शिकलेल्या माणसाला कळत नाही म्हटल्यावर वैजयंताला आधी बरं वाटलं, मग जास्तच धास्ती वाटली.

वनखात्यानं घार उद्यानातच सांभाळायला सांगितलं. मग निशिगंधानं नवीनच काढलं. "आता ही आयुष्यभर इथंच राहणार. आता तुम्ही हिच्याशी बोललात तरी चालेल. उलट बोलाच. एकटी पडलीय."

"म्हंजे आता झगा नको?"

"नको."

"फडकं?"

"तेही नको."

एवढे महिने दातात पदर धरून काढले होते. वैजयंता पिंजऱ्यात गेली, उघड्या तोंडानं घारीसमोर उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा काय बोलायचं तेच सुचेना. शेवटी ती म्हणाली, "मी वैजयंता." घारीनं मान वळवली. मग मात्र वैजयंता हिवाळाभर बोलायची थांबली नाही.

हंसाबेनना कोंडिरामकडून सगळं कळलं. त्या रीतसर तिकीट काढून आल्या, चंपा बघितला, बाकीचे रंगीत पोपट बघितले आणि मग कापडाच्या भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. घार लोकांना दाखवायची नव्हती, तशी परवानगीच नव्हती. वैजयंतानं त्यांना भिंतीच्या अलीकडे खुर्ची दिली. पलीकडून घारीचा आवाज आला, तशा हंसाबेन ताठ झाल्या.

"वही है?"

"हां."

"सच बोलो, वैजयंताबेन. मैंने पाप किया कि पुण्य?"

वैजयंतानं मांजर आठवलं, पनीर आठवलं, बांबू आठवला. घारीला हंसाबेनच्या गॅलरीत महिनाभर मिळालेलं थोपटणंही आठवलं. सगळ्याची गोळाबेरीज काही जमेना. "मुझे नहीं समझता," ती म्हणाली. "आप चाय लो." हंसाबेननी चहा घेतला, निम्मा तसाच ठेवला, आणि जाताना पेटीत देणगी टाकून गेल्या.

पुढच्या मार्चमध्ये नया नगरमधून फोन आला. कोणा बाईचा आवाज होता, घाबराघुबरा. इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर घारीचं घरटं होतं, ते कामगारांनी उतरवलं. घारी पुन्हा तिकडं फिरकल्या नाहीत आणि पिल्लू तिच्या दारात होतं. "डिब्बे में रखा है. कुछ खिलाया नहीं, पानी भी नहीं. मेरी बेटी स्कूल से आपके यहां आई थी, वो बोलती है हाथ नहीं लगाने का, सीधा फोन करने का. बराबर है ना?"

"बराबर है," वैजयंता म्हणाली आणि फोन ठेवल्यावरही जरा वेळ तिथंच उभी राहिली. शाळेची सहल आली की पोरं फक्त चंपाला चिप्स द्यायला बघतात, एवढंच तिला माहीत होतं.

निशिगंधाचा बेत ऐकून तर ती चक्रावलीच. हे पिल्लू लंगड्या पंखाच्या घारीजवळ ठेवायचं.

"मॅडम, ती स्वतःला माणूस समजती. ती काय आई होणार?"

"कदाचित नाही होणार. पण पिल्लाला माणसाऐवजी घार दिसेल. तेवढं तरी होईल. आणि मावशी, पिल्लू आहे तोवर तुमचं बोलणं बंद. झगा, फडकं, सगळं पुन्हा."

"आता तर सवय लागली ओ तिला! ती हाका मारंल."

"मारू दे."

घारीनं पहिले काही दिवस पिल्लाकडं ढुंकूनही बघितलं नाही. ती जाळीपाशी येऊन वैजयंताला हाका मारत राहायची. झग्यातली वैजयंता वाटी ठेवून पाठ फिरवायची. आपण घात करतोय का उपकार, हा प्रश्न तिच्या बरोबर स्वयंपाकघरापर्यंत यायचा. पपई चिरता चिरता ती इतकी गप्प असायची की दुसरी बाई विचारायची, तब्येत बरी नाही का.

मग एका सकाळी ती कापडाच्या फटीतून बघत होती. पिल्लू चोच वासून रडत होतं. घार वाटीपाशी गेली, एक तुकडा पायाखाली धरून फाडला, स्वतः खाल्ला. दुसरा फाडला. तो तोंडात धरून जरा वेळ तशीच उभी राहिली, जणू याचं काय करायचं ते तिलाही उमगत नव्हतं. आणि मग मान खाली करून तो पिल्लाच्या चोचीत दिला. वैजयंतानं ओरडू नये म्हणून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं आणि तशीच पळत डॉक्टरांकडे गेली. तिथं पोचल्यावरही तिचा हात तोंडावरून निघेना.

"काय झालं? मावशी, बोला ना!"

"भरवलं," वैजयंता म्हणाली.

पिल्लू वाढलं. ते घारीचं बघून फाडायला शिकलं, पंख पसरून उन्हात बसायला शिकलं. फक्त घार जे करायची ते एक शिकलं नाही. वैजयंता वाटी घेऊन आली की घार पुढं यायची आणि पिल्लू पंख फुगवून, मागं सरकून, चोच उघडून तिच्यावर फिस्कारायचं. पहिल्यांदा फिस्कारलं तेव्हा वैजयंताला चक्क लागलं. रोज याच्यासाठी मांस चिरायचं आणि हा डोळे वटारतो. बाहेर येऊन तिनं निशिगंधाला सांगितलं, तर निशिगंधानं आनंदानं तिला मिठी मारली.

"तुमचा किती राग करतंय ना?"

"लई," वैजयंता म्हणाली. तिला हसू आलं, पण पुरतं नाही.

पाऊस ओसरल्यावर त्याच डोंगरावरून ते सुटलं. खोक्याचं झाकण उघडलं न् उघडलं तोच गेलं. टाळ्या वाजवायलाही वेळ मिळाला नाही. सगळे आत्मारामच्या गाडीवर चहाला थांबले. तो सारखा आभाळावर डोळा ठेवून होता, पण चहा संपेस्तोवर कुठलीच घार त्याच्या वड्यांना झोंबली नाही. तो म्हणाला, "ही शानी निघाली, ताई." वैजयंतानं त्याला 'हो' म्हटलं.

उद्यानात परत आल्यावर ती आधी घारीच्या पिंजऱ्यात गेली, उघड्या तोंडानं. घार पिल्लाच्या रिकाम्या दांडीशेजारी बसली होती. आज ती पुढं आली नाही. वैजयंता तिच्याशी थोडं बोलली, थोडी थांबली, पुन्हा बोलली. घार नुसती बघत राहिली. घारीला काय वाटतंय ते तिला कळेना, आणि आपण जे बोलतोय ते घारीसाठी का आपल्यासाठी, तेही कळेना.

तेवढ्यात हंसाबेनचा फोन आला. कोंडिरामनं त्यांना सांगितलं होतं.

"उड़ गया, वैजयंताबेन?"

"हां. एकदम ऊपर गया."

"पीछे देखा उसने?"

"नहीं. एक बार भी नहीं."

"अच्छा हुआ ना?" हंसाबेननी विचारलं.

"अच्छाच हुआ होगा," वैजयंता म्हणाली. "डॉक्टर तो बहुत खुश हैं."

"और तुम?"

भिंतीपलीकडे चंपानं जोरात किंचाळायला सुरुवात केली होती. दुपारच्या वाट्या अजून भरायच्या होत्या. "मैं बाद में बोलती हूं, हंसाबेन," असं म्हणून तिनं फोन कमरेला खोचला आणि पपया कापायला गेली.